झाकली मूठ आणि एचपी५ चा डबा

भाजीवाल्याला किंवा सोनाराला कधीच मिळणार नाही अशी एक सोय शीट फिल्म, म्हणजे मोठ्या कॅमेऱ्यात एकेक करून घालायचे फिल्मचे सुटे तुकडे, विकणाऱ्याला असते: माल उघडून दाखवावा लागत नाही. उजेडात उघडला की संपला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, तसाच हा धंदा, आणि इथे मूठ उघडायला लावणारं गिऱ्हाईकच वेडं ठरतं. मला चुना लावला गेला तो याच जोरावर.

४×५ इंची फिल्म परदेशातून मागवायची तर डब्याची किंमत, त्यावर कुरिअर, त्यावर कस्टम. त्यामुळे इथल्या इथे कुणी डबा विकायला काढला की नजर जातेच. खरेदी-विक्रीच्या एका साइटवर जाहिरात होती: इल्फर्ड कंपनीची एचपी५ प्लस ही कृष्णधवल फिल्म, २५ शीट, सीलबंद, फ्रीजमध्ये ठेवलेली. भाव बाजारापेक्षा बराच कमी. फोनवर माणूस एकदम गोड. "साहेब, वडिलांचा स्टुडिओ होता, बंद केला. आता घरात कुणाला त्यातलं कळत नाही, तुमच्यासारख्याच्या हातात गेलेलं बरं." पैसे यूपीआयने आधी द्यायचे ठरले. पार्सल वेळेवर आलं.

डबा अस्सल होता. एकात एक बसणाऱ्या तीन भागांचा, लेबल शाबूत, बॅच नंबर आणि मुदतही छापलेली. पण डब्याच्या अस्सलपणाला काडीचा अर्थ नाही. शीट फिल्म वापरणारे लोक रिकामा डबा फेकत नाहीत. एक्सपोज केलेल्या शीट डेव्हलप होईपर्यंत त्यातच ठेवतात. त्यामुळे लेबलवर एक आणि पोटात दुसरंच, हे अगदी नेहमीचं. डब्यावरची टेप मात्र स्टेशनरीच्या दुकानात मिळते तसली साधी होती.

चेंजिंग बॅगमध्ये, म्हणजे उजेड न शिरणाऱ्या पिशवीत, हात घालून फिल्म होल्डरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यात सरकवायच्या चपट्या चौकटीत, भरायला बसलो. शीट फिल्मच्या एका कडेला कोपऱ्याजवळ खाचा असतात, त्यांना नॉच म्हणतात. प्रत्येक फिल्मच्या खाचांचा आकार आणि संख्या वेगळी. शीट उभी धरून खाचा वरच्या उजव्या कोपऱ्यात आल्या की इमल्शन, म्हणजे प्रकाश टिपणारा थर, आपल्याकडे तोंड करून असतं. अंधारात एवढाच आधार. मी कडा चाचपल्या, शीट फिरवली, उलटी केली. खाच कुठेच नाही. तीन कोपरे टोकदार आणि एकच गोल! पुढची शीट काढली, तिचीही तीच तऱ्हा.

एक कोपरा गोल कसा, याचं उत्तर होल्डरने दिलं. शीट होल्डरच्या पट्ट्यांखाली सरकेना. ४×५ ची फिल्म प्रत्यक्षात चार इंच बाय पाच इंच नसते, मिलिमीटर-दीड मिलिमीटर लहानच कापलेली असते, नाहीतर होल्डरच्या पट्ट्यांमध्ये अडकते. या शीट मात्र पुरेपूर चार बाय पाच होत्या. दवाखान्यात वापरतात ती ८×१० ची एक्स-रे फिल्म आठवा. तिचे चारही कोपरे गोल असतात. तिचे कटरवर चार तुकडे केले की प्रत्येकाच्या वाट्याला एकच गोल कोपरा येतो.

खात्री करायला बसतील तेवढ्या शीट भरल्या आणि मंडईत कॅमेरा लावला. लेबलप्रमाणे आयएसओ (फिल्मला उजेड किती चटकन कळतो त्याचा आकडा) ४०० धरून एक्सपोजर दिलं. निगेटिव्ह पार पातळ, म्हणजे फिकी, आली, कारण ही एक्स-रे फिल्म उन्हात जेमतेम ८० ते १०० ची निघते. शिवाय तिला लाल रंग दिसत नाही. प्रिंटमध्ये टोमॅटोचा ढीग आणि शेजारची वांगी एकाच रंगाची झाली! बेस, म्हणजे इमल्शनखालचं प्लॅस्टिक, निळसर, आणि इमल्शन दोन्ही बाजूंना असल्याने ट्रेमध्ये घासून दोन्हीकडे ओरखडे.

एक सांगतो, एक्स-रे फिल्म वाईट नाही. बरेच जण जाणूनबुजून वापरतात. स्वस्त पडते, लाल दिव्यात डोळ्यांसमोर डेव्हलप करता येते. तशी सांगून विकली असती तर मी घेतलीही असती. एचपी५ च्या डब्यात घालून विकणं ही चोरी आहे.

विकणाऱ्याला फोन केला तेव्हा वडिलांचा स्टुडिओ एकदम कुठल्या कुठे गेला. "साहेब, तुम्ही उजेडात उघडलं असेल. तुम्हाला भरता येत नाही त्याला मी काय करू?" साइटवाल्यांनी डबा उघडतानाचा व्हिडिओ मागितला. मिट्ट काळोखातला व्हिडिओ! आणि काळोखात नाही उघडला तर पुरावाच जळतो.

पण पुरावा उजेडातही उभा करता येतो. त्यासाठी एक शीट खर्ची घाला. दिवसाउजेडी बाहेर काढून दोन्ही बाजू बघा: साध्या फिल्मच्या दोन बाजू वेगळ्या दिसतात, एक फिकट नि मंद, दुसरी जास्त चकचकीत. एक्स-रेच्या दोन्ही सारख्या. मग तीच शीट डेव्हलप न करता नुसत्या फिक्सरमध्ये, म्हणजे इमल्शनमधली उरलेली चांदी विरघळवणाऱ्या रसायनात, टाका. इमल्शन स्वच्छ झालं की बेसचा रंग दिसतो. निळा दिसला की प्रश्न मिटला. कोपऱ्यांचा, बेसचा आणि पट्टी लावून मापाचा फोटो काढून तक्रारीला जोडा. उजेड लागून फिल्म काळी पडेल, पण तिचे कोपरे गोल होत नाहीत आणि बेस निळा होत नाही, हे विकणाऱ्यालाही नाकारता येत नाही. मी हे फोटो पाठवल्यावर त्याने नंबर ब्लॉक केला, पैसे गेलेच.

मापांची फसवाफसवी तर वेगळीच. १३×१८ सेंटीमीटरची फिल्म "५×७ च आहे हो" म्हणून खपवतात. ५×७ इंच म्हणजे १२.७×१७.८ सेंटीमीटर, तेवढ्या फरकाने ती होल्डरबाहेर राहते. ९×१२ सेंटीमीटरची फिल्म ४×५ च्या होल्डरमध्ये सैल पडते. जुन्या स्टुडिओंच्या मालात हाफ प्लेटही निघते, तिचं माप पावणेपाच बाय साडेसहा इंच.

पैसे देण्याआधी विकणाऱ्याला चेंजिंग बॅगमध्ये एक शीट चाचपून नॉच कसे आहेत ते सांगायला लावा. कंपनीच्या तक्त्यात त्या फिल्मचे नॉच चित्रासकट दिलेले असतात, ताडून बघा. "आम्हाला त्यातलं कळत नाही" असं उत्तर आलं तर पैसे माल हातात आल्यावर. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच कळवा. ग्राहक म्हणून तक्रार करायला १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे.