खानदेशच्या उन्हात ई-बाइकचा बॅटरी पॅक: एलएफपी की एनएमसी?

भुसावळ-जळगाव पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. लिथियम सेलच्या बहुतेक डेटाशीटमध्ये चार्जिंगची वरची मर्यादाही ४५ अंशच असते, आणि ती हवेची नाही, सेलच्या अंगाची. त्यामुळे थंड हवेच्या गावातला सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही. दुकानात गेल्यावर 'किती किलोमीटर जाते?' हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा: एका सेलवर किती अ‍ॅम्पियर पडतात आणि तयार होणारी उष्णता जाते कुठे?

तुलनेसाठी ४८ व्होल्टचे, जवळपास सारख्या साठ्याचे तीन पॅक घेऊ. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) आणि एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) या लिथियम सेलच्या दोन जाती. ३२७००, २१७०० हे सेलचे आकार: पहिले दोन आकडे व्यास, पुढचे दोन लांबी, मिलिमीटरमध्ये. जुळणीत 'एस' म्हणजे एकापाठोपाठ (सिरीज) जोडलेले, 'पी' म्हणजे समांतर जोडलेले सेल; एएच म्हणजे अ‍ॅम्पियर-तास. तिन्हींना कंट्रोलर (मोटरला करंट पुरवणारं सर्किट) २५ अ‍ॅम्पियरचा.

| | एलएफपी ३२७०० | एनएमसी, जास्त साठ्याचा २१७०० | एनएमसी, जास्त करंटचा २१७०० |
|---|---|---|---|
| सेल | ६ एएच | सॅमसंग ५०ई | मोलिसेल पी४२ए |
| जुळणी | १६एस३पी, ४८ सेल | १३एस४पी, ५२ सेल | १३एस५पी, ६५ सेल |
| साठा | सुमारे ९२० वॅट-तास | सुमारे ९१५ वॅट-तास | सुमारे ९८० वॅट-तास |
| नुसत्या सेलचं वजन | सुमारे ७ किलो | सुमारे ३.६ किलो | सुमारे ४.५ किलो |
| पूर्ण चार्जला | ५८.४ व्होल्ट | ५४.६ व्होल्ट | ५४.६ व्होल्ट |
| एका सेलवर करंट | ८.३ अ‍ॅम्पियर | ६.३ अ‍ॅम्पियर | ५ अ‍ॅम्पियर |
| सेलची मर्यादा (अ‍ॅम्पियर) | दर्जानुसार ६ ते १८ | ९.८ | ४५ |

रोज सपाट रस्त्यावर चालणारी, उन्हात उभी राहणारी, दुधाचे कॅन किंवा केळीचा माल वाहणारी गाडी असेल तर एलएफपी. त्यात फार विचार करण्यासारखं नाही. वजन दुप्पट होतं खरं, पण गाडीच्या पायदानाखाली सात किलो कोणाला जड होत नाहीत. हा सेल तापमानाला जास्त सोशीक आहे, बिघडला तरी एनएमसीसारखा झटकन पेट घेत नाही, आणि चांगल्या कंपनीचा असेल तर चार्ज-डिस्चार्जची दीड-दोन हजार चक्रं काढतो. एनएमसीचा हिशोब पाचशे ते हजार चक्रांचा धरावा.

एलएफपीची एक खोड मात्र आधीच माहीत असावी. याचा व्होल्टेज जवळपास शेवटपर्यंत सपाट राहतो आणि मग एकदम कोसळतो. व्होल्टेज पाहून दांड्या दाखवणारा मीटर अर्ध्यावर असतानाही भरलेला दिसतो, आणि सावद्याच्या अलीकडे गाडी अचानक बंद पडते. आत-बाहेर गेलेले अ‍ॅम्पियर मोजणारा, शंट असलेला मीटर बसवा, नाहीतर ब्लूटूथचा स्मार्ट बीएमएस (सेलवर लक्ष ठेवून गरज पडली तर करंट तोडणारं सर्किट) घ्या.

पॅक काढून दुसऱ्या मजल्यावर चार्जिंगला न्यायचा असेल, किंवा पायडल मारायची ई-सायकल असेल, तर एनएमसी. मधल्या रकान्यातला सेल इथे पुरतो, पण २५ अ‍ॅम्पियरपर्यंतच. कंट्रोलर ४० चा केला की एका सेलवर १० अ‍ॅम्पियर येतात. सेलचा अंतर्गत रोध ३० मिलिओहम धरला तर प्रत्येक सेलमध्ये ३ वॅट उष्णता, ५२ सेलमध्ये मिळून दीडशे वॅटच्या वर. बंद डब्यात, बाहेर ४४ अंश असताना, ती कुठे जाणार? तिसऱ्या रकान्यातल्या सेलचा रोध साधारण निम्मा, शिवाय पाच समांतर असल्याने एकावर ८ अ‍ॅम्पियरच पडतात, म्हणून तो जेमतेम कोमट होतो. 'हाय परफॉर्मन्स' याचा खरा अर्थ हा. स्टिकरवरच्या एएचशी त्याचा संबंध नाही.

तोरणमाळ, लळिंग किंवा चाळीसगावहून कन्नडचा घाट चढायचा असेल तर हा तिसरा पॅक महाग असला तरी पटतो. १६० किलोचा गाडी-माणूस १०० मीटर उंच न्यायला ४४ वॅट-तास लागतात, मोटरची गळती धरली तर ६० च्या आसपास. आणि हा खर्च थोड्या वेळात, भरपूर करंटने होतो. साधा सेल तिथे व्होल्टेज खाली पाडतो आणि बीएमएस ऐन वळणावर गाडी बंद करतो.

अंतराचा हिशोब सोपा आहे. पायडलसह हळू चालणारी सायकल किलोमीटरला १० ते १५ वॅट-तास खाते, स्कूटर २५ ते ३०. ९२० पैकी ७८० वापरण्याजोगे धरा. भुसावळ ते जळगाव साधारण २५ किलोमीटर, म्हणजे स्कूटर एका बाजूने पोहोचते आणि परतीसाठी तिकडे चार्जिंग लागतं. सायकलचं जाणं-येणं होऊन थोडं उरतंही.

आता बांधणीकडे. स्वतः बांधा किंवा कारागिराकडून बांधून घ्या, पॅक बिघडतो तो खाली सांगितलेल्या ठिकाणीच.

सेल एकाच बॅचचे, नवे, व्होल्टेजमध्ये ०.०२ पेक्षा जास्त फरक नसलेले घ्या. रोधही मोजा, त्यासाठीचा चार तारांचा मीटर स्वस्तात मिळतो आणि एक वेगळा सेल सगळ्या गटाला खातो. लॅपटॉपचे काढीव सेल टॉर्चला ठीक, बाइकला नको. १८६५० सेलवर ९,९०० एमएएच छापलेलं दिसलं तर तो तसाच परत ठेवावा. चांगल्या कंपनीचा सेल ३,५०० च्या आसपास थांबतो. तराजूवर खरा १८६५० साधारण ४५ ते ४८ ग्रॅम भरतो, नकली बरेचदा त्याहून बराच हलका.

सेल जोडणाऱ्या निकेल पट्टीत फसवणूक सगळ्यात जास्त. बाजारातली बरीच पट्टी म्हणजे निकेलचा मुलामा दिलेलं लोखंड. लोहचुंबकाने कळत नाही, कारण शुद्ध निकेललाही चुंबक चिकटतं. ग्राइंडरला लावून पाहा, लोखंड ठिणग्या उडवतं. किंवा पट्टी खरवडून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा, सकाळी गंज दिसला की माल नकली. ०.१५ × ८ मिलिमीटरची शुद्ध पट्टी ५-६ अ‍ॅम्पियर बिनधास्त वाहते. चार समांतर सेलच्या सिरीज जोडावर अशा चार पट्ट्या म्हणजे जेमतेम २० ते २४ अ‍ॅम्पियर. तेव्हा २५ च्या कंट्रोलरला दुहेरी थर द्या. लोखंडी पट्टी याच जागी तापून सेलचं टोक भाजते.

जोड स्पॉट वेल्डिंगनेच. सोल्डरिंग आयर्नची उष्णता सेलच्या आतल्या सीलपर्यंत जाते आणि नुकसान महिनाभराने दिसतं. वेल्डनंतर पट्टी पकडीने ओढून पाहा. पट्टी फाटली पाहिजे, ठिपका सुटता कामा नये. प्रत्येक धन टोकावर फिश पेपरची (वीज न वाहणाऱ्या जाड कागदाची) चकती लावायची, कारण सेलचा अख्खा डबा ऋण असतो आणि धन टोपीपासून तो केसभरच दूर आहे. आमच्या मते पूर्ण पॅकमध्ये ही चकती सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वेळा विसरली जाणारी वस्तू आहे. सेल एकमेकांना चिकटवू नका, प्लास्टिकच्या होल्डरने १-२ मिलिमीटर फट राहू द्या. डबा आणि पॅक यांमध्ये घट्ट फोम हवा. पावसाळ्यानंतरच्या खड्ड्यांत आधी वेल्ड तुटतात.

बीएमएस ३० ते ४० अ‍ॅम्पियरचा. आधी पॅकच्या ऋण टोकाची (बी-ऋण) जाड तार जोडा, मग प्रत्येक गटाचा व्होल्टेज पाहणाऱ्या बारीक तारांचा कनेक्टर लावण्यापूर्वी मल्टिमीटरने एकेक पायरी मोजा: १३एसमध्ये प्रत्येक तारेला ३.६ च्या आसपास वाढ दिसली पाहिजे. दोन तारा उलट झाल्या तर बीएमएस तिथेच जळतो. तापमानाचा सेन्सर पॅकच्या पोटात, मधल्या सेलला टेकवून बसवा; बाहेर चिकटवलेला सेन्सर डब्याचं तापमान सांगतो. मुख्य तार ४ स्क्वेअर एमएमची सिलिकॉनची, ४० अ‍ॅम्पियरचा डीसी फ्यूज, आणि कंट्रोलरकडे जाणाऱ्या तारेवर ठिणगी रोखणारा एक्सटी९०-एस कनेक्टर. साध्या कनेक्टरवर प्रत्येक वेळी ठिणगी उडून टोकं काळी पडतात.

चार्जरची चूक सगळ्यात महाग. इथे अनेक जुन्या स्कूटर लेड अ‍ॅसिडवरून लिथियमवर आणल्या जातात आणि घरातला जुना ४८ व्होल्टचा चार्जर तसाच वापरला जातो. तो ५८-५९ व्होल्टपर्यंत जातो. १३एस एनएमसीत हे सेलमागे साडेचार व्होल्ट होतं, तर मर्यादा ४.२ ची. बीएमएस तोडेल या भरवशावर राहणं म्हणजे एकाच कुलपावर तिजोरी सोडणं. १३एसला ५४.६ चा, १६एस एलएफपीला ५८.४ चा, असा वेगवेगळा चार्जर घ्या आणि पिना वेगळ्या ठेवा. एनएमसीला रोज ४.१ व्होल्ट म्हणजे ५३.३ वरच थांबवलं तर साठ्याचा दहावा हिस्सा जातो, पण आयुष्य चांगलंच वाढतं.

तयार पॅक घ्यायचा तर एआयएस-१५६ (ई-वाहनाच्या बॅटरीच्या सुरक्षिततेचं भारतीय मानक) चाचणीचं प्रमाणपत्र मागा. या मानकाच्या सुधारित अटी १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. नोंदणी झालेल्या गाडीत घरचा पॅक बसवला तर वॉरंटी जाते आणि विम्याच्या दाव्यातही अडचण येऊ शकते. मोटरची ३० मिनिटांची (सलग तेवढा वेळ देता येणारी) शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल तरच गाडीला नोंदणीतून सूट आहे, आणि २५ अ‍ॅम्पियरचा कंट्रोलर त्यात बसणं अवघड. पॅक घरी बांधायचा तो बिननोंदणीच्या सायकलसाठी, छोट्या कंट्रोलरवर.

पॅक कोणताही असो, मार्च ते जूनमध्ये दुपारी आल्या आल्या प्लग लावू नका. उन्हात उभ्या गाडीचा पत्र्याचा डबा हवेपेक्षा बराच तापलेला असतो. तासभर सावलीत ठेवा, हात लावून कोमट वाटला की लावा; शक्य असेल तर पहाटे चारच्या टायमरवर.