प्राचीन जगाची दिनदर्शिका : ऑगस्टचे पान

जळगावच्या एका पुस्तकांच्या दुकानातून घेतलेल्या या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत प्रत्येक पानावर त्या महिन्यातील प्राचीन जगाच्या घटना दिल्या आहेत आणि त्यांत ऑगस्टचे पान सर्वांत भरीव आहे. इ.स.पू. 216 मधील 2 ऑगस्टच्या कॅनीच्या लढाईचा छोटा नकाशा तर पाहत राहावा असा आहे: कार्थेजचा सेनापती हॅनिबल याची मधली फळी मागे सरकताना आणि दोन्ही बगलांचे आफ्रिकी पायदळ रोमन सैन्याला कवेत घेताना निळ्या-तांबड्या रेषांत इतके स्वच्छ दिसते, की आठवीतल्या मुलालाही वेढ्याची ती युक्ती कळावी. फार्सालस (सीझर विरुद्ध पाँपी, इ.स.पू. 48) आणि एड्रियानोपल (रोमन विरुद्ध गॉथ, इ.स. 378) या 9 ऑगस्टच्या दोन्ही लढाया एकाच चौकटीत आहेत.

इटलीतील व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा इ.स. 79 मधील उद्रेक मात्र 24 ऑगस्टला निःशंकपणे छापला आहे, हे खटकते. त्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात 2018 मध्ये उजेडात आलेल्या, कोळशाने लिहिलेल्या लेखात ऑक्टोबरमधील तारीख असल्याने उद्रेक शरद ऋतूत झाला असावा, असे बरेच अभ्यासक मानतात. एवढी तळटीप हवीच होती.

भारतातली एकही नोंद नाही, त्याला कारण आहे. नाशिकच्या लेण्यांतील सातवाहन लेख राज्यवर्ष, ऋतू, पक्ष आणि दिवस सांगतात; ती तिथी आजच्या महिन्यात नेमकी बसवता येत नाही. पण अजिंठा ज्याच्या उंबऱ्याशी आहे, त्या खानदेशी वाचकाला हे दोन ओळींत सांगायला हवे होते.

कागद जाड आहे, तारखा लांबूनही वाचता येतात. इतिहासाच्या शिक्षकांनी ही दिनदर्शिका वर्गात अवश्य लावावी.