लाल रंग घातलेलं हायड्रॉलिक ऑइल मला ट्रान्समिशन ऑइल म्हणून विकलं

मोटारहोमचं (राहण्याची सोय असलेल्या गाडीचं) ट्रान्समिशन ऑइल, म्हणजे गिअरबॉक्समधलं ऑइल, घरच्या घरी बदलणाऱ्यांसाठी लिहितोय. "स्वतः करायला गेलास, आता भोग" असं म्हणायचं असेल त्यांनी पुढे वाचू नये. काम मी चोख केलं होतं. खोटं होतं ते विकत घेतलेलं ऑइल.

गिअरबॉक्स ॲलिसन कंपनीचा 1000, ऑटोमॅटिक. त्याच्यासाठी ॲलिसनच्याच टीईएस 295 या मानकाचं सिंथेटिक ऑइल. ऑनलाइन मागवलं: 5 लिटरचे 4 कॅन, म्हणजे 20 लिटर, आणि बाहेरून फिरवून बसवायचा फिल्टर. विक्रेत्याखाली चांगल्या अभिप्रायांची रांग, किंमत नेहमीपेक्षा जराशीच कमी. फार स्वस्त असतं तर मीच हात लावला नसता, आणि हे त्या भामट्याला बरोबर माहीत होतं. पैशांचा आकडा लिहीत नाही, घरची मंडळी हे वाचतात. लिटर मात्र सगळे सांगतो.

गाडी फिरवून ऑइल गरम केलं, सपाट जागी लावली, चाकांना उटी लावली, ड्रेन प्लग काढला. 6.8 लिटर निघालं. गिअरबॉक्सच्या तळाच्या पॅनमधलं तेवढंच निघतं, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला देणारा भाग) आणि कूलरच्या पाइपांतलं आतच राहतं, हे तुम्हाला सांगायला नको. जुन्या फिल्टरवरचं गोल चुंबक पुसून नव्यावर चढवलं. पुष्कळ गॅरेजवाले ते जुन्या फिल्टरबरोबर फेकून देतात. मी फेकलं नाही, हेही नोंदवून ठेवतो.

मग पहिला कॅन उघडला. टोपण फिरलं, पण कट्ट असा आवाज आला नाही. टोपणाखालची प्लॅस्टिकची कडी तुटायला हवी होती, ती टोपणाबरोबर नुसतीच गोल फिरली. आतलं फॉइल एका बाजूला सुरकुतलेलं, कडेला पिवळट गोंदाचा ओघळ. दिसलं मला! अंगठ्याने चाचपूनसुद्धा पाहिलं. पण गिअरबॉक्स रिकामा, कोपरापर्यंत हात बरबटलेले, गाडी जागची हलवता येत नाही. अशा वेळी कोण कॅन बाजूला ठेवतो? वाहतुकीत आपटला असेल म्हणालो आणि ओतलं. वर ऑइल लालभडक. लाल दिसलं की एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, असंच आपण सगळे धरून चालतो. अरे, रंग कोणीही घालतो!

ड्रेन प्लगला पाना लावायच्या आधी कॅन उघडून बघा. आधी.

पातळी नियमाप्रमाणे गरम ऑइलवर, 71 ते 93 अंशांच्या दरम्यान डिपस्टिकने तपासली. अगदी बरोबर. पहिल्याच लांब चढणीवर ऑइलच्या तापमानाचा काटा 125 अंशांवर गेला. लॉक-अप (कन्व्हर्टरमधला क्लच) लागताना गाडी थरथरायला लागली, मग इंजिन नुसतंच ओरडतंय आणि वेग वाढत नाही. गिअरबॉक्स उतरवला तर क्लच प्लेटा काळ्या पडलेल्या.

उरलेलं ऑइल प्रयोगशाळेत दिलं. व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, 40 अंशांना 32 आणि 100 अंशांना 5.4 सेंटिस्टोक. जाणकारांना एवढ्यावरच कळेल: साधं 32 नंबरचं हायड्रॉलिक ऑइल. खऱ्या ऑइलचा 100 अंशांचा आकडा 7 च्या वर असतो. क्लचची पकड सांभाळणारी रसायनं तर जवळपास नव्हतीच.

आता तक्रारीची कथा. विक्री करणाऱ्या साइटचं म्हणणं, सील तोडलेला माल परत घेत नाही. सील न तोडता आतलं ऑइल खोटं आहे हे कसं कळायचं, याला उत्तर नाही. बँक म्हणाली, वस्तू मिळाली ना? मग ही फसवणूक नव्हे, गुणवत्तेचा वाद. पोलिसांनी अहवाल उलटासुलटा करून पाहिला आणि दिवाणी बाब आहे म्हणून हातात परत दिला. ग्राहक तक्रारीच्या कार्यालयात विचारलं की अधिकृत मेकॅनिककडून काम करून घेतल्याची पावती कुठे आहे. म्हणजे कॅनमध्ये काय भरलंय हे पाना कोणाच्या हातात होता त्यावर ठरणार? कहर वजनमापवाल्यांचा. न उघडलेले दोन कॅन त्यांनी इमानेइतबारे मोजले आणि लेखी दिलं: प्रत्येकी 5 लिटर, माप बरोबर. तो कागद मी फ्रेम करून लावणार आहे. या सगळ्यांत खोटं ऑइल विकणाऱ्याला एक फोनसुद्धा कोणी केला नाही.

कॅनवर "सर्व गिअरबॉक्सना चालतं" असं लिहिलेलं असेल तर ठेवून द्या. ॲलिसन मंजूर ऑइलांची यादी स्वतः प्रसिद्ध करते, तिच्यात नाव बघा. माझ्या कॅनवरचं नाव यादीत होतं, कारण स्टिकर हुबेहूब उतरवलेला. म्हणून बॅच नंबर प्लॅस्टिकवरच छापलेला आहे का तेही बघा. माझा स्टिकरवर होता, नखाने निघाला. एक कॅन न उघडता ठेवा, उघडलेल्यातलं थोडं बाटलीत काढून ठेवा, कॅन उघडतानाचा व्हिडिओ करा. आणि खोटं ऑइल गेलंच असेल तर एकदा बदलून भागत नाही, कन्व्हर्टरमधलं पुन्हा पॅनमध्ये येतं. काढा, भरा, चालवा, पुन्हा काढा.

तोच माल सध्या दुसऱ्या दुकानाच्या नावाने विकायला आहे. फोटोही तोच, कॅनच्या मुठीखाली तिरका ओरखडा असलेला.