साल्विया: आठ महिने गच्चीवर, लाल आणि निळा दोन्ही

सप्टेंबरच्या मध्यात साल्विया या फुलझाडाचं बी पेरलं होतं आणि आता मे संपत आलाय, म्हणजे आठ महिने झाले, म्हटलं आता लिहायला हरकत नाही. रोपं आणली की चार दिवसांत 'सुपर आहे, नक्की घ्या' लिहिणारे खूप असतात, पण पुढे त्या झाडाचं काय झालं ते कोणी सांगत नाही.

आम्ही पुण्यात, गच्ची पश्चिमेची, बारा वाजता ऊन येतं ते मावळेपर्यंत. लावले दोन प्रकार. एक तो लाल, सोसायटीच्या गेटपाशी नि चौकातल्या बेटावर दिसतो तो, साल्विया स्प्लेंडन्स, मूळचा ब्राझीलचा. दुसरा निळा, साल्विया फॅरिनेशिया, टेक्सास-मेक्सिकोकडचा, याच्या कळ्यांवर पीठ भुरभुरल्यासारखी पांढरट लव असते. नर्सरीत दोघांनाही नुसतं साल्वियाच म्हणतात त्यामुळे मागताना रंग सांगा.

बियांचा पहिला घाणा पूर्ण वाया गेला, चूक माझीच. मेथी पेरतात तसं वर बोटभर माती टाकली आणि रोज संध्याकाळी भरपूर पाणी. या बियांना उजेड लागतो, वरच पसरायच्या आणि हलक्या हाताने दाबायच्या एवढंच, हे मला नंतर कळलं. चार रोपं आली, त्यातली तीन एका रात्रीत बुंध्याशी मऊ पडून आडवी झाली. दुसऱ्यांदा नुसतं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत चाळून घेतलं, स्प्रेने पाणी, तेही सकाळी, तर बाराव्या दिवशी हिरवे ठिपके दिसले. मधल्या काळात धीर सुटून नर्सरीतून लालची सहा रोपं आणली होती, तीस रुपयाला एक, आणि ती आधीच फुलावर होती, इथेच फसायला होतं. फुलावरचं रोप म्हणजे एक उंच दांडा आणि वर तुरा, फांद्या नाहीत काही नाहीत. तुरा संपला की झाड भकास.

शेंडा खुडणे! अख्ख्या अनुभवातलं एकच सांगायचं तर हे. रोपाला पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की वरचं टोक नखाने खुडायचं. जीव होत नाही, माझा तर अजिबात होत नव्हता, म्हणून घरच्या बियांच्या रोपांपैकी निम्मी खुडली आणि निम्मी तशीच ठेवली. न खुडलेल्यांना फुलं आधी आली आणि मी हळहळत बसले, पण डिसेंबर संपेपर्यंत खुडलेल्या एकेका झाडावर सात-आठ तुरे आणि न खुडलेल्यावर दोन. बस.

लालची एक गंमत म्हणजे आपण जे लाल बघतो ते सगळं फूल नसतंच, खरं फूल म्हणजे ती लांब नळी, ती लवकर गळते, पण तिच्या खालचा कप तसाच लाल राहतो म्हणून झाड आठवडेच्या आठवडे फुललेलं वाटतं. मग तो कप फिका मळकट होतो, तेव्हा तुरा खालच्या पानांच्या जोडीपर्यंत कापायचा म्हणजे नवीन फुटवे येतात. सासूबाई म्हणाल्या, वास नाही, देवाला काय वाहायचं हे? बरोबरच आहे. वासाच्या बाबतीत शून्य मार्क. गंमत म्हणजे झाड आहे तुळशीच्याच कुळातलं, दांडा चिमटीत धरून बघा, चौकोनी लागतो, पुदिन्यासारखाच. आणि हल्ली सगळे भिजवून पितात ते चिया सीड्सही एका साल्वियाचंच बी. (सब्जा वेगळा, तो तुळशीचा भाऊ.)

खत म्हणाल तर कमी. मी हौसेने शेणखत जास्त घातलेल्या दोन कुंड्यांत नुसती पानं, मोठ्ठी गडद हिरवी, फुलांचा पत्ता नाही. आठ इंची कुंडी एका झाडाला पुरते, भोकं मोकळी पाहिजेत, माती वरून सुकली की पाणी. जानेवारीत पानांच्या मागे पांढरी माशी आली, हलवलं की धुरळा उडाल्यासारखी उडायची. नीमतेलात दोन थेंब भांड्याचा साबण घालून आठवड्याने एकदा फवारलं, तीन वेळा, आटोक्यात आली, पूर्ण गेली असं म्हणणार नाही.

आता खरा फरक. मार्चच्या शेवटी ऊन तापलं आणि लाल झाडं दुपारी माना टाकायला लागली, पाणी घातलं की उठायची, एप्रिलमध्ये उठेनाशी झाली. हिरवी जाळी बांधली तरी दहातली दोनच वाचली. उष्ण हवेत हे झाड बारमाही असतं असं वाचून मी मोठ्या आशेने होते, पण पश्चिमेच्या गच्चीवरच्या एप्रिलचं त्यात काही लिहिलं नव्हतं. निळा मात्र त्याच उन्हात, जाळी नसताना, फुलत राहिला. पानं बारीक झाली, तुरे आखूड झाले, पण थांबला नाही. आणि माश्या! सकाळी सातला निळ्यावर मधमाश्यांची नुसती गर्दी, शेजारच्या लालकडे फिरकायच्याही नाहीत, त्या लांब नळ्यांवर यायचा तो शिंजीर पक्षी, तोही डिसेंबर-जानेवारीत रोज, नंतर क्वचित.

तर कोणी विचारलं तर मी सांगेन, दिवाळीनंतर दोन-तीन महिने झगमगाट हवा असेल तर लाल घ्या, पूर्वेच्या बाल्कनीत कदाचित जास्त टिकेलही. एकच कुंडी ठेवायची असेल तर डोळे मिटून निळा.

सध्या निळी झाडं जमिनीपासून चार-पाच इंचावर छाटून पत्र्याखाली सरकवलीत, पावसात मुळं कुजू नयेत म्हणून. लालच्या सुकलेल्या कपांतून काळपट दाणे निघाले, एकेका कपात जास्तीत जास्त चार, ते कागदाच्या पुडीत घालून कपाटात ठेवलेत. सप्टेंबरात पेरेन. यावेळी लाल तीनच कुंड्या आणि खुडताना हळहळ नाही.