बोटीवर लॅपटॉप-राउटर चालवायला इन्व्हर्टर की डीसी कन्व्हर्टर?

बॅटरीत 12 व्होल्ट डीसी, लॅपटॉपला हवे 19-20 व्होल्ट, तेही डीसीच. तरी अनेक बोटींवर आधी 12 चे 230 व्होल्ट एसी करायचे आणि मग चार्जरने त्याचे पुन्हा डीसी, हा द्राविडी प्राणायाम चालू असतो. कारण सोपं आहे: इन्व्हर्टर बसवला की घरातला कुठलाही चार्जर तसाच खोचता येतो.

वीज किती वाया जाते? इन्व्हर्टर 90 टक्के आणि चार्जर 88 टक्के कार्यक्षम धरले, तर 45 वॉटच्या लॅपटॉपसाठी बॅटरीतून सुमारे 57 वॉट निघतात. बॅटरीचा व्होल्टेज एसी न करता थेट बदलणाऱ्या चांगल्या डीसी-डीसी कन्व्हर्टरला 48 ते 50 पुरतात. एवढ्या फरकासाठी मी इन्व्हर्टर काढायला सांगणार नाही. खरी गळती वेगळीच आहे. 1000 वॉटचा इन्व्हर्टर काहीही न जोडता नुसता चालू ठेवला, तरी साधारण अर्धा ते एक अँपिअर खातो, म्हणजे दिवसाला 12 ते 24 अँपिअर-तास. 100 अँपिअर-तासांच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतले निम्मेच वापरावेत असं धरलं, तर त्यातलाही जवळजवळ अर्धा वाटा असा फुकट जाऊ शकतो. रात्रंदिवस चालणारा राउटर इन्व्हर्टरवर ठेवणं म्हणूनच सगळ्यात महागात पडतं.

मिक्सर किंवा ड्रिल वापरायचं असेल तर इन्व्हर्टरला पर्याय नाही. तो प्युअर साइन वेव्हचाच, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा घ्या. स्वस्त मॉडिफाइडच्या पायऱ्यांसारख्या लहरीवर मोटर जास्त तापते, काही चार्जर गुणगुणतात. शिवाय खाऱ्या दमट हवेत 230 व्होल्ट म्हणजे अर्थिंग आणि आरसीडी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) नीट हवेच, आणि ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावं. काम झालं की इन्व्हर्टर बंद. बटण हाताशी नसेल तर ते कोणी बंद करत नाही, म्हणून जागा आधीच विचारपूर्वक ठरवा.

लॅपटॉप यूएसबी-सीवर चार्ज होत असेल तर डीसी बाजूचं काम फार सोपं होतं: बॅटरीच्या 12 व्होल्टवर चालणारा, 60 किंवा 100 वॉटचा पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे यूएसबी-सीतून जास्त वीज देण्याची पद्धत) चार्जर पुरतो. फक्त सिगारेट-लायटरच्या खोबणीवर विसंबू नका. 100 वॉटला 12 व्होल्टवर नऊ अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो; सैल, गंजलेली खोबणी तेवढ्याने तापते. पक्का बसवलेला सॉकेट, जाड वायर आणि बॅटरीजवळ फ्यूज हवा. जुन्या गोल पिनच्या लॅपटॉपचं मात्र मॉडेल पाहूनच अ‍ॅडॅप्टर घ्यावा; काही लॅपटॉप ओळख पटली नाही तर चार्जच होत नाहीत.

राउटरच्या लेबलवर 12 व्होल्ट दिसले म्हणून तो थेट बॅटरीला जोडायचा मोह होतो. पण भरलेली बॅटरी स्वस्थ असताना 12.7 च्या आसपास असते, चार्ज होताना 14.4 पर्यंत चढते आणि स्टार्टर फिरताना 10 च्याही खाली येऊ शकते. 14.4 राउटरला जाचक ठरू शकतात आणि त्या खालच्या झटक्याला तो रीस्टार्ट होतो. दोन्ही बाजू सांभाळणारा, स्थिर 12 व्होल्ट देणारा बक-बूस्ट (व्होल्टेज गरजेप्रमाणे उतरवणारा आणि चढवणारा) कन्व्हर्टर घ्या. अनेक चार्टप्लॉटरवर (नकाशावर बोटीची जागा दाखवणाऱ्या पडद्यावर) मात्र 10 ते 32 व्होल्ट असं काहीसं छापलेलं असतं; तिथे काहीच विकत घेऊ नका.

स्वस्त कन्व्हर्टरचा एक दोष खोक्यावर लिहिलेला नसतो: रेडिओचा खरखराट. सागरी व्हीएचएफ (बोटीवरचा बोलायचा रेडिओ) आणि एआयएस (जहाजांची ओळख आणि जागा कळवणारी यंत्रणा) दोन्ही 156 ते 162 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात, आणि स्विचिंगचा गोंगाट तिथवर पोचतो. खरखर ऐकू येईपर्यंत रेडिओचा स्क्वेल्च (खरखर दाबून टाकणारं बटण) खाली आणा, एखादं चालू संभाषण पकडा आणि कन्व्हर्टर लावून-बंद करून बघा. आवाज बुडत असेल तर कन्व्हर्टरच्या वायरवर फेराइट रिंग (गोंगाट शोषणारं चुंबकीय कडं) चढवा, कन्व्हर्टर अँटेनाच्या केबलपासून दूर न्या. तरीही फरक नसेल तर परत करा. ही चाचणी इन्व्हर्टरलाही लागू आहे.

24 व्होल्टच्या बोटीवर 12 साठी दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून फाटा काढू नका. ती एकटीच उतरत जाते आणि चार्जिंगच्या वेळी दुसरी अति भरते. तिथे 24 ते 12 चा कन्व्हर्टरच हवा.