रिमोट दाबला की ‘खट्ट’ वाजायचं, दार मात्र उघडंच

एसी रिपेअरिंगचं काम करतो, धायरीला राहतो, मारुतीची ईको कार्गो व्हॅन आहे २०१८ ची. गाडी रात्री रस्त्यावरच लागते, कारण आमच्या बिल्डिंगचं पार्किंग म्हणजे आठ टू-व्हीलर आणि चेअरमनची कार, बास. गाडीत माल काय तर व्हॅक्यूम पंप, गेज, फ्लेअरिंग सेट, ब्रेझिंगचं सामान, तांब्याचा पाइप. सगळं रोज चौथ्या मजल्यावर चढवणं होत नाही, ज्यानं व्हॅक्यूम पंप उचललाय त्याला सांगायला नको. ईकोवाल्यांना तशीही रात्रीची झोप कमीच असते, सायलेन्सर चोरीचं माहीतच असेल, आत धूर साफ करणारा जो कन्व्हर्टर असतो त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम असतं म्हणून चोर गाडीखाली झोपून आख्खा सायलेन्सर नेतात. त्यात दिवाळीनंतर शेजारच्या गल्लीत एकाची गाडी फोडली, मग म्हटलं आता लॉकचं काहीतरी करायलाच पाहिजे.

फोनवर जाहिरात दिसली. ‘व्हॅनसाठी फुल सिक्युरिटी, सेंट्रल लॉक प्लस स्टील डेडलॉक, रोलिंग कोड रिमोट, एआरएआय अप्रूव्हड, इन्शुरन्समध्ये सूट, घरी येऊन फिटिंग’. एआरएआय म्हणजे गाड्या आणि त्यांचे पार्ट तपासून सर्टिफिकेट देणारी पुण्यातली संस्था. दुकानाचं नाव लिहीत नाही, नाव काय ते उद्या बदलतील. ९,५०० सांगितले, घासाघीस करून ७,८०० ला आले, तिथंच खरं तर कळायला हवं होतं, पण आपल्याला वाटतं आपणच लई हुशार. दोन पोरं आली, पाऊण तासात काम उरकलं. रिमोट दाबला, खट्ट! परत दाबला, खट्ट! सगळे इंडिकेटर लुकलुकले. मी खूश, बायकोला खाली बोलावून दाखवलं. पैसे स्कॅन करून दिले, स्क्रीनवर दुकानाचं नाव न येता कुठल्यातरी माणसाचं आलं, विचारलं तर म्हणे ‘शेठचं पर्सनल आहे’.

आधी मी काय करायचो तर सरकत्या दाराची आतली खिटी हातानं लावायचो, मग पुढचं दार चावीनं बंद. रोजची सवय, डोळे मिटून व्हायचं. रिमोट आला आणि खिटी लावणं बंद झालं. कशाला लावायची, ७,८०० कशाला मोजले मग?

तीन आठवड्यांनी सकाळी बघतो तर फ्लेअरिंग सेट आणि डिजिटल गेज गायब. काच फुटलेली नाही, दाराला ओरखडा नाही, लॉक तोडलेलं नाही. आणि त्या रात्री माझ्याशिवाय गाडीला हात लावलेला एकच माणूस, माझा हेल्पर पोरगा. दोन वर्षं माझ्याकडे आहे. मी त्याला नको नको ते बोललो. सोसायटीच्या गेटवर, चार लोकांसमोर. तो एवढंच म्हणाला, ‘दादा, मी सामान ठेवून दार ओढून घेतलं होतं’, आणि गप्प उभा राहिला.

चौकीत अर्ज दिला, इन्शुरन्सवाल्याला फोन केला तर तो म्हणाला की मोटर पॉलिसी गाडीची असते, आत ठेवलेल्या तुमच्या हत्यारांची नाही. मग सहज विचारलं की ते लॉक बसवल्याची सूट कुठंय, तर म्हणाला त्यासाठी मान्यता असलेलं डिव्हाइस लागतं, फिटिंगचं सर्टिफिकेट लागतं, आणि सूट म्हणाल तर ओन डॅमेज प्रीमियमवर, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी भरतो त्या हप्त्यावर, अडीच टक्के, तीही जास्तीत जास्त ५०० रुपये. माझ्याकडे सर्टिफिकेट नाही, काचेवर चिकटवलेला एक चकचकीत स्टिकर आहे फक्त. एआरएआयची टेकडी पुण्यात, आम्ही रविवारी तिथं फिरायला जातो, आणि त्यांच्याच नावानं मला पुण्यात बसून टोपी घातली.

उलगडा मात्र आमच्या सात वर्षांच्या चिरंजीवांनी केला. मी रिमोटनं गाडी लॉक केली, खट्ट वाजलं, आणि तो पलीकडच्या बाजूनं ओरडला, ‘बाबा, हे तर उघडतंय.’ सरकतं दार, नुसतं ओढलं की सरळ मागे. म्हणजे पैसे भरायच्या आधी माझी गाडी रोज रात्री बंद असायची आणि पैसे भरल्यापासून रोज रात्री उघडी.

दुसऱ्या दिवशी नाना पेठेत ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांकडे गेलो. त्यांनी सरकत्या दाराचं आतलं पॅनल काढलं. आत मोटर होती, बरं का, नवी कोरी, पण तिच्या दोन्ही वायरी गुंडाळून काळी टेप मारून ठेवलेल्या, कशालाच जोडलेल्या नाहीत! काकांनी समजावलं की पुढच्या दाराला बिजागरी असते, तिथून रबरी नळीतून वायर आत नेता येते, पण सरकतं दार मागे जातं, तिथं वायर ओढली तर तुटणारच. म्हणून दाराच्या कडेला आणि समोर खांबावर स्प्रिंगच्या पिना बसवतात, दार पूर्ण मिटलं की पिना टेकतात आणि मग करंट जातो. हे काम किचकट असतं, भोकं अचूक पाडावी लागतात, पाऊण तासात होत नाही. खट्ट वाजायचं ते फक्त पुढच्या दोन दारांचं.

पुढे तर मजाच. बॅटरीवरून सरळ वायर आणलेली, मध्ये फ्यूजच नाही, काका म्हणाले ‘नशीब, पेटली नाही’. रोलिंग कोड म्हणजे बटण दाबलं की दर वेळी कोड बदलतो, म्हणून कोणी सिग्नल पकडला तरी जुना कोड परत चालत नाही. माझ्या रिमोटचा कोड एकच होता, काकांनी सोसायटीच्या गेटला वापरतात तसला कोरा रिमोट घेतला, माझ्या रिमोटला चिकटवून बटण दाबलं, आणि त्यांच्या रिमोटनं माझी गाडी उघडली. चहा यायच्या आत. आणि ते स्टील डेडलॉक? मागच्या दारावर पातळ पत्रा, आणि त्याचे स्क्रू बाहेरच्या बाजूनं, चोरानं स्क्रूड्रायव्हर आणला की काम झालं.

दुकानवाल्याला फोन केला तर आधी ‘पाठवतो माणूस’, मग ‘धंद्याची गाडी आहे, तुम्ही ग्राहक कायद्यात बसत नाही’, मग फोनच उचलेना. हे धंद्याचं ऐकून मी दोन दिवस गप्प बसलो होतो, पण ते खोटं आहे, स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः राबणारा माणूस ग्राहकच धरतात. १९१५ ला, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, घटनेपासून २ वर्षांत जावं लागतं, त्याचे कागद काढतोय. कागद काढताना बिल नीट बघितलं. जीएसटी नंबर २४ नं सुरू होणारा, पत्ता पुण्याचा. महाराष्ट्राचा २७ असतो, २४ गुजरातचा. बोट ठेवून आकडे मोजले तर १४ भरले, असतात १५. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकून कोणालाही फुकट बघता येतं, मला पैसे द्यायच्या आधी एक मिनिट नव्हता.

तुम्ही कोणी असं काही बसवून घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी रिमोट दाबा आणि गाडीला फेरी मारून प्रत्येक दार स्वतःच्या हातानं ओढून बघा, सरकती दारं तर दोन-दोनदा. वायरिंग दाखवायला पॅनल उघडा म्हणा, कां-कूं करायला लागला की पाठवून द्या. मी आता मागच्या दाराला जाड कडी-कोयंडा आरपार बोल्टनं लावलाय, नट आतून, वर चांगलं सात लिव्हरचं कुलूप. सरकत्या दारांना परत तीच जुनी खिटी. दिसायला गोडाऊनसारखं दिसतं, दिसू दे.

हेल्पर पोराची माफी मागितली, त्याच गेटवर, पण तेव्हा ते चार लोक नव्हते. तो ‘जाऊ द्या दादा’ म्हणाला. हल्ली संध्याकाळी सामान ठेवलं की तो दार ओढून दाखवतो आणि जायच्या आधी माझ्याकडे बघतो, मी मान हलवेपर्यंत निघत नाही.