वेबपेज तपासणारं अँटीव्हायरस: दुकान, पतसंस्था आणि वेबसाइटवाल्यांनी कोणतं घ्यावं?

जळगाव-धुळ्याकडे अँटीव्हायरस घेताना गिऱ्हाईक दोन गोष्टी हमखास विचारतं: वर्षाचे किती, आणि कॉम्प्युटर स्लो होईल का? खरा फरक मात्र तिसऱ्याच प्रश्नात आहे. आपण उघडतोय ते पान धोक्याचं आहे, हे सॉफ्टवेअर ठरवतं कसं? आपल्याच मशीनवरच्या यादीवरून, कंपनीला त्या पानाचा पत्ता (यूआरएल) कळवून, की स्वतः त्या पानावर जाऊन? यावर आपली खासगी माहिती अवलंबून आहे, आणि ज्याची वेबसाइट आहे त्याचे भेटींचे आकडेसुद्धा.

यादीवाली पद्धत सगळ्यात शांत. गुगल सेफ ब्राउझिंग ही धोकादायक साइट ओळखणारी सेवा मुळात याच धर्तीची, आणि क्रोम, फायरफॉक्स, सफारी या तिन्ही ब्राउझरमध्ये ती आहे. धोकादायक पत्त्यांपासून बनवलेल्या सांकेतिक ठशांचे (हॅश) फक्त पहिले चार बाइट आपल्या मशीनवर उतरतात. उघडलेला पत्ता त्यांच्याशी जुळला तरच पुढची विचारपूस होते. उणीव एकच, यादी शिळी होते. क्रोममध्ये ती दर अर्ध्या-एक तासाने ताजी व्हायची, आणि गुगलच्याच सांगण्यानुसार फसवी साइट सरासरी दहा मिनिटंही टिकत नाही. म्हणून मार्च २०२४ पासून क्रोम ही विचारणा लगेच करतं, पण ठशाचा तुकडाच पाठवतं आणि तोही मधल्या एका सर्व्हरमार्फत, म्हणजे विचारणारा कोण हे गुगलला दिसत नाही. समोरच्या वेबसाइटवर या तपासणीपायी कोणीही येत नाही.

दुसऱ्या पद्धतीत पत्ताच कंपनीकडे जातो. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमधलं स्मार्टस्क्रीन, क्रोममधलं 'एन्हान्स्ड प्रोटेक्शन' आणि अँटीव्हायरससोबत येणारी बरीच एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्राम, या प्रकारातली. पकड चांगली, पण आपण कुठे कुठे फिरलो ते दुसऱ्याच्या हाती लागतं. अव्हास्ट या अँटीव्हायरस कंपनीने अशी माहिती जम्पशॉट या आपल्याच कंपनीमार्फत विकली. जानेवारी २०२० मध्ये जम्पशॉट बंद करावी लागली, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. फुकटचं एक्स्टेन्शन टाकण्याआधी हे प्रकरण आठवावं, असं मी प्रत्येकाला सांगतो.

तिसरी पद्धत स्वतः भेट देणारी, आणि गोंधळ आहे तो इथेच. २००८ मध्ये एव्हीजी या अँटीव्हायरसच्या ८.० आवृत्तीत लिंकस्कॅनर आलं. गुगलवर काही शोधलं की निकालातली पानं ते आपणहून उघडून तपासायचं, माणसाने क्लिक केलेलं असो वा नसो. जगभरच्या साइटवाल्यांचे आकडे फुगले, बँडविड्थचा खर्च वाढला, ओरड झाली आणि त्याच वर्षी एव्हीजीला ते बदलावं लागलं. आता काही कंपन्या पद्धत फिरवून वापरतात: तुम्ही पान उघडता, मागाहून कंपनीचा सर्व्हर तेच पान उघडून बघतो.

वेबसाइटच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे कोणी कोणतं पान मागितलं त्याच्या नोंदवहीत, हे कसं दिसतं? समजा, सावद्याच्या व्यापाऱ्याने केळीच्या दराचं पान उघडलं. आधी पान, मग लोगो, मग फोटो, फॉन्ट, अशा ओळीने नोंदी. थोड्या वेळाने तोच पत्ता, शेवटी जोडलेल्या ग्राहक क्रमांकासकट, दूरच्या डेटा सेंटरमधून मागितला जातो. बऱ्याचदा नुसतंच पान. लोगो नाही, फोटो नाही, आधी कुठल्या पानावरून आले त्याची नोंद नाही. ग्राहक क्रमांक तो व्यापारी आणि वेबसाइट यांच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हता, तरी तो तिसऱ्याच ठिकाणी पोचला. अमळनेरचे एक खत-बियाणेवाले मला म्हणाले, "भाऊ, आकडा तं वाढी राह्यना, पन फोन काबर येत नही?" फोन येणार कुठून, आलेले बरेचसे पाहुणे माणसं नव्हतेच.

यात कंपनीची लबाडी नाही, हेही सांगायला हवं. तपासनीस आपलं नाव सांगून आला, तर फसवी साइट त्याला सोज्वळ पान दाखवते आणि खरा सापळा गिऱ्हाइकासाठी ठेवते. म्हणून तो साध्या ब्राउझरच्या वेषात येतो आणि 'रोबोट्स डॉट टीएक्सटी'ची (आपोआप फिरणाऱ्या प्रोग्रामांना कुठे येऊ नये ते सांगणाऱ्या साइटवरच्या फाइलची) मनाईसुद्धा बरेचदा पाळत नाही. भेटी मोजणारं गुगल अ‍ॅनालिटिक्स ओळखीचे बॉट, म्हणजे असे आपोआप फिरणारे प्रोग्राम, वगळतं, पण वेष बदललेला त्यातून सुटू शकतो.

आता निवड. घर किंवा दुकान असेल, तर विंडोजमधलं डिफेंडर आणि ब्राउझरमधलं संरक्षण चालू ठेवा, दोन्ही अपडेट ठेवा. वेगळं एक्स्टेन्शन नको. सगळे शोधनिकाल आधीच उघडून बघणारं काही कोणी देऊ केलं तर घेऊच नका. तुमचा नेटचा डेटाही खर्च होतो आणि दुसऱ्याचाही.

पतसंस्था, कृषी कंपनी, शाळेचं ऑफिस, जिथे दिवसभर बाहेरच्या ईमेल उघडल्या जातात, तिथे लिंकवर जाऊन तपासणारं संरक्षण मी घ्यायलाच सांगेन. एक फसवी लिंक खातेदारांच्या पैशांपर्यंत पोचू शकते. एक त्रास मात्र होईल: पासवर्ड बदलण्याची एकदाच चालणारी लिंक तपासनीस आधी उघडतो आणि कर्मचाऱ्याला 'लिंक वापरली गेली आहे' असं दिसतं. त्यावर इलाज वेबसाइट बनवणाऱ्याकडे आहे. लिंकने फक्त पान उघडावं, खरं काम त्या पानावरचं बटण दाबल्यावर व्हावं. ऑर्डर रद्द करणं, नोंद पुसणं, मंजुरी देणं यालाही हाच नियम. नुसतं पान मागितल्याने काही बदलता कामा नये.

तुमची स्वतःची वेबसाइट असेल तर अशा तपासनिसांना सरसकट ब्लॉक करू नका, सुरक्षा कंपन्यांकडचं साइटचं मानांकन बिघडू शकतं. पत्त्यात मोबाइल नंबर किंवा खाते क्रमांक तेवढा ठेवू नका.

घेण्याआधी कोणतं सॉफ्टवेअर कोणत्या पद्धतीचं हे विक्रेत्याला सांगता आलं नाही, तर चाचणीच्या मुदतीत स्वतः बघा. आपल्या साइटवर वेड्यावाकड्या नावाचं एक पान टाका, त्याची लिंक कुठेही देऊ नका, व्हॉट्सअ‍ॅपवर तर नाहीच. ते सॉफ्टवेअर असलेल्या एकाच कॉम्प्युटरवर ते एकदा उघडा. दोन-तीन दिवसांनी होस्टिंगवाल्याकडून लॉग मागा. सीपॅनेल (होस्टिंग सांभाळण्याचं पॅनेल) असेल तर 'रॉ अ‍ॅक्सेस'मध्ये तो मिळतो. त्या पानासमोर तुमच्याशिवाय दुसरा आयपी, म्हणजे दुसऱ्या कनेक्शनचा क्रमांक, दिसला, तर सॉफ्टवेअर तिसऱ्या पद्धतीचं आहे असं धरून चाला.